वास्तूच्या मापाने रचलेले गायन: इटलीतील चर्च आणि सोळाव्या शतकातील वृंदगान

इटलीतील जुन्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातील लॅटिन वृंदगान आज बहुधा मैफलीच्या रूपात ऐकायला मिळते. श्रोते बाकांवर बसलेले असतात, त्यांच्याकडे तोंड करून गायक अर्धवर्तुळात उभे असतात आणि रचना संपली की टाळ्या पडतात. हे संगीत ज्यांनी रचले त्यांच्या काळी ते उपासनेचा भाग होते. गायकांची जागा, त्यांची संख्या आणि त्या दिवसाचा सण यांवर त्याचे रूप ठरत असे. मूळ वास्तूत त्याचे सादरीकरण करण्याचा आज जो आग्रह दिसतो, त्याची मुळे या व्यवस्थेत आहेत.

व्हेनिसचे सान मार्को हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. ही वास्तू १८०७ पर्यंत शहराचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, नव्हती. ती प्रजासत्ताकाचा प्रमुख असलेल्या डोजचे खासगी उपासनास्थान होती आणि म्हणून तेथील संगीत राज्याच्या प्रतिष्ठेशी जोडलेले होते. १५२७ मध्ये फ्लँडर्सकडून आलेले आद्रियान विल्लार्ट तेथे संगीतप्रमुख झाले आणि १५६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. साधारण त्याच काळात डोज आंद्रेआ ग्रित्ती यांनी आपले आसन वेदीच्या परिसरात हलवले आणि वास्तुविशारद याकोपो सान्सोविनो यांनी त्या परिसराच्या दोन्ही बाजूंना गायकांसाठी सज्जे उभारले. १५५० मध्ये विल्लार्ट यांची दोन गायकवृंदांसाठीची स्तोत्रे छापून प्रसिद्ध झाली.

दोन वृंद आलटून पालटून गातात तेव्हा त्यांच्यातील अंतर ही रचनाकाराची अडचण ठरते. विल्लार्ट यांचे शिष्य आणि पुढे त्याच पदावर आलेले जोझेफ्फो झार्लिनो यांनी १५५८ च्या आपल्या ग्रंथात तिचा उपाय सांगितला आहे: प्रत्येक वृंदाची स्वरसंगती स्वतंत्रपणे पूर्ण असावी आणि सगळे एकत्र गातात तेव्हा दोन्हींचा खर्ज एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरावर असावा, म्हणजे दूर उभ्या असलेल्या वृंदाचा आधार कोणालाही घ्यावा लागणार नाही. संगीताचा नियम वास्तूच्या मापातून कसा निघतो हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारा उतारा माझ्या मते दुसरा नाही.

मात्र समोरासमोरच्या सज्ज्यांतून दोन तुल्यबळ वृंद एकमेकांना साद घालत आहेत, हे लोकप्रिय चित्र पूर्ण खरे नाही. सान मार्कोच्या १५६० च्या दशकातील विधिनोंदींवरून असे दिसते की अशा स्तोत्रांत एका बाजूला चार निवडक गायक आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सर्व, अशी विभागणी होत असे आणि पुष्कळदा सगळे एकाच व्यासपीठावर असत. मोठ्या अंतराचा आणि भव्य नादाचा वापर पुढे, रचनाकार आंद्रेआ गाब्रिएली आणि त्यांचे पुतणे जोव्हान्नी यांच्या काळात फुलला. १५६८ पासून तेथे वादकांचा कायम ताफा होता. जोव्हान्नी यांच्या १५९७ च्या संग्रहात कंठ आणि वाद्ये अनेक वृंदांत विभागलेली आहेत.

रोममध्ये परंपरा वेगळी होती. पोप चौथे सिक्स्तुस यांनी बांधवून घेतलेल्या सिस्टीन चॅपेलमध्ये ऑर्गन नव्हता. उजव्या भिंतीतील अरुंद सज्ज्यात एका मोठ्या हस्तलिखित पोथीभोवती गायक दाटीने उभे राहून वाद्यांच्या साथीविना गात. त्या सज्ज्याच्या भिंतीवर गायकांनी कोरलेली नावे आजही वाचता येतात आणि त्यांत विख्यात रचनाकार जोस्कँ दे प्रे यांचेही नाव आहे. रचनाकार जोव्हान्नी पिएरलुइजी दा पालेस्त्रिना १५५५ मध्ये या वृंदात आले, पण पोप चौथे पॉल यांनी विवाहित गायकांना त्याच वर्षी काढून टाकले आणि पालेस्त्रिना यांना लातेरानोच्या सान जोव्हान्नी चर्चमध्ये जावे लागले. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेत बहुस्वरी गायनावर, म्हणजे अनेक स्वतंत्र स्वरओळी एकाच वेळी गाण्यावर, येऊ घातलेली बंदी त्यांच्या एका मिस्सेमुळे (मिस्सा या मुख्य उपासनाविधीसाठीच्या रचनेमुळे) टळली, ही कथा फार सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही. धर्मशब्द स्पष्ट ऐकू यावेत हा त्या काळचा आग्रह मात्र खरा होता, आणि १५६७ मध्ये छापलेल्या त्या मिस्सेत तो दिसतो.

शब्द ऐकू येण्याचा प्रश्न बांधकामापर्यंत पोहोचला होता. व्हेनिसच्या सान फ्रान्चेस्को देल्ला व्हिन्या या चर्चसाठी १५३५ मध्ये फ्रान्चेस्को जोर्जी या फ्रान्सिस्कन साधूने टिपण लिहिले. गायन चांगले घुमावे म्हणून वेदीकडील भागाला कमानदार छत आणि प्रवचन विरून जाऊ नये म्हणून मुख्य दालनाला सपाट छत असावे, असे त्याने सुचवले.

१७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक कोसळले. एकोणिसाव्या शतकात इटलीतील अनेक चर्चमध्ये ऑपेराच्या वळणाचे संगीत रूढ झाले होते. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सुधारकांनी पालेस्त्रिनाची परंपरा पुन्हा पुढे आणली. पोप दहावे पायस यांनी १९०३ च्या आदेशात ग्रेगोरियन गायन, म्हणजे चर्चचे जुने एकस्वरी लॅटिन गायन, आणि पालेस्त्रिनाची बहुस्वरी शैली यांना आदर्श ठरवले. या आदेशाने जुन्या रचनांना मान मिळवून दिला, पण त्याचबरोबर स्त्रियांना चर्चच्या गायकवृंदातून वगळले. त्या काळच्या चित्रातील हा काळा भाग झाकून ठेवता येत नाही.

आजच्या सादरीकरणावर व्हॅटिकनच्या ५ नोव्हेंबर १९८७ च्या पत्राची छाया आहे. चर्चमधील मैफलींना प्रवेश विनामूल्य असावा आणि गायक-वादकांनी वेदीच्या परिसरात उभे राहू नये, असे त्यात सांगितले आहे. त्यामुळे सान्सोविनोचे सज्जे ज्या परिसरात आहेत, नेमका तोच मैफलीच्या गायकांसाठी वर्ज्य ठरतो. शिवाय सणाच्या दिवशी माणसांनी आणि भरजरी पडद्यांनी भरलेले चर्च आवाज शोषून घेते. रिकाम्या चर्चमध्ये तीच रचना लयीत थोडी संथ घेतली नाही तर स्वर एकमेकांत मिसळून जातात. म्हणून परदेशातून येणाऱ्या गायकवृंदांनी मैफलीच्या तारखेआधी तेथील रविवारच्या मिस्सेत गाण्याची परवानगी मागावी, असे मला मनापासून वाटते. तेथे प्रार्थनेच्या दोन भागांमधील मोकळ्या क्षणांत रचना बसवावी लागते, भाविकांची गर्दी निनाद आटोक्यात ठेवते आणि टाळ्या वाजत नाहीत.