लहान मुलांची बेसबॉल बॅट: वजनकाटा अर्धीच गोष्ट सांगतो

मुलांसाठी बेसबॉलची बॅट घ्यायची म्हटलं की आपण काय करतो, हातात घेऊन वजन बघतो, लांबी बघतो, आणि मग ‘अजून वाढायचंय पोराला, दोन इंच मोठीच घेऊ, दोन सीझन निघतील’ असं म्हणून मोकळे होतो. हेतू चांगलाच असतो हो, पण त्या दोन इंचांनी मुलाच्या स्विंगचं किती नुकसान होतं ते कळलं ना तर कुणी तसं करणार नाही, म्हणून हे जरा नीट लिहितेय.

आधी मुलाच्या जागी उभं राहून बघा. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या लीगमध्ये पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची, जागा होम प्लेटपासून, म्हणजे मारणारा उभा असतो तिथपासून, ४६ फुटांवर असते, म्हणजे साधारण १४ मीटर. बॉल ताशी ८० किलोमीटरने आला तर हे अंतर कापायला त्याला ०.६ सेकंदाच्या आसपास लागतात. एवढ्यात त्या दहा-अकरा वर्षांच्या पोराला बॉल दिसायला पाहिजे, मारायचा की सोडायचा ते ठरवायला पाहिजे, आणि वर बॅट फिरवून बरोबर जागी आणायला पाहिजे. बॅट फिरवायला जितका वेळ जास्त लागणार तितकं ठरवायचं काम लवकर उरकावं लागणार, म्हणजे बॉल नीट दिसायच्या आधीच अंदाजाने स्विंग सुरू. जड बॅटवाली मुलं सारखी उशिरा मारतात नाहीतर अंदाजपंचे मारतात ते यामुळे. त्यात मुलाची नजर किंवा मेहनत कमी पडलेली असतेच असं नाही.

आता फटक्याचं गणित. बेसबॉलच्या भौतिकशास्त्रावर अ‍ॅलन नेथन यांनी खूप काम केलंय, त्यांच्या लिखाणात एक सोपं सूत्र येतं. लाकडी बॅटच्या चांगल्या जागेवर बॉल बसला तर सुटणाऱ्या बॉलचा वेग म्हणजे पिचच्या, म्हणजे टाकलेल्या बॉलच्या, वेगाचा साधारण ०.२ पट अधिक बॅटच्या वेगाचा १.२ पट. म्हणजे पिचरने ताशी ५ किलोमीटर वेग वाढवला तर फटक्यात फक्त १ किलोमीटरची भर पडते, पण बॅटचा वेग ५ किलोमीटरने वाढला तर तब्बल ६ किलोमीटरची! मुलांच्या हलक्या बॅटला हे आकडे थोडे खाली येतात पण चित्र तेच राहतं, फटक्याची ताकद मुख्यतः बॅटच्या वेगातून येते.

मग लगेच वाटतं की हलकीत हलकी बॅट दिली की झालं काम. तसंही नाही. बॉलच वजनाला १४२ ते १४९ ग्रॅम असतो, बॅट फार हलकी असली तर धडकेत ती स्वतःच मागे ढकलली जाते आणि बॉलला कमी मिळतं. मोठ्या खेळाडूंमध्ये बॅट आतून कोरून त्यात कॉर्क भरायची लबाडी चालायची, २००३ मध्ये शिकागो कब्ज संघाच्या सॅमी सोसाची बॅट तुटली आणि आत कॉर्क निघाला ते प्रकरण फार गाजलं होतं. नेथन, डॅनियल रसेल आणि लॉइड स्मिथ वगैरे मंडळींनी हे प्रयोगशाळेत तपासून २०११ साली लिहिलं की कॉर्कने बॉल जास्त लांब काही जात नाही, हलकेपणामुळे वेगात जे मिळतं ते धडकेत जातं. पण हलकी बॅट हाताच्या ताब्यात राहते, थोडं उशिरा ठरवलं तरी चालतं, म्हणून बॉल बॅटवर येण्याचं प्रमाण सुधारू शकतं. माझ्या मते मुलांसाठी हाच मुद्दा मोठा आहे. नऊ वर्षांच्या मुलाला होमरनपेक्षा, म्हणजे मैदानाबाहेरच्या फटक्यापेक्षा, बॉल बॅटवर येणं जास्त गरजेचं असतं, एकदा तो यायला लागला की मुलगा खेळात रमतो.

पण ‘हलकी’ म्हणजे नक्की काय? इथे वजनकाटा फसवतो. हातोडा दांड्याकडून धरून फिरवा, मग उलटा करून लोखंडाकडून धरून फिरवा, वजन तेच पण हाताला दोन वेगळ्या वस्तू वाटतात. कारण फिरणाऱ्या वस्तूत वजन किती यापेक्षा ते फिरण्याच्या जागेपासून किती लांब आहे ते महत्त्वाचं, आणि त्यातही अंतराचा वर्ग लागतो. अंतर दुप्पट तर विरोध चौपट. बॅटच्या टोकाला असलेले ३० ग्रॅम हँडलजवळच्या ३० ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त जाणवतात. याला इनर्शियाचा मोमेंट म्हणतात, बॅटवाले लोक साध्या भाषेत स्विंग वेट म्हणतात. दोन इंच मोठी बॅट म्हणूनच त्रास देते, नुसते ग्रॅम वाढत नाहीत तर ते ग्रॅम लांब जाऊन बसतात. आणि म्हणूनच एकाच लांबीच्या, एकाच वजनाच्या दोन बॅटा सुद्धा वेगळ्या फिरतात. बॅलन्स्ड म्हणतात तिचं वजन हाताकडे ओढलेलं असतं, एंड लोडेड म्हणतात तिचं टोकाकडे. लहान किंवा नवशिक्या मुलाला बॅलन्स्डच द्या, एंड लोडेड बॅट अंगात जोर आलेल्या मोठ्या मुलांचं काम.

बॅटवर एक ड्रॉप नावाचा आकडा असतो, उणे १०, उणे ८, उणे ५ असा. इंचातल्या लांबीतून औंसातलं वजन वजा केलं की तो आकडा येतो, म्हणजे ३० इंची बॅट २० औंसांची असेल तर ड्रॉप १०, म्हणजे साधारण ५६७ ग्रॅमची बॅट. आकडा जितका मोठा तितकी बॅट लांबीच्या मानाने हलकी. लहान मुलांना बहुतेक वेळा १० किंवा त्याच्या पुढचाच ड्रॉप बरा पडतो. फक्त एक लक्षात ठेवा, ड्रॉपमध्ये स्विंग वेट येत नाही, आणि छापलेलं वजन खऱ्या वजनापेक्षा बऱ्याचदा थोडं कमी असतं, ग्रिप वगैरे धरून बॅट जडच भरते. त्यामुळे शेवटचा निकाल मुलाच्या हातानेच द्यायचा. एक जुनी चाचणी आहे, मुलाने बॅट हँडलच्या टोकाशी एका हातात धरायची, हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करायचा आणि २०-३० सेकंद तसाच ठेवायचा. हात थरथरायला लागला, खाली यायला लागला की ती बॅट जड. लांबीसाठी नॉब, म्हणजे हँडलच्या टोकाची गाठ, छातीच्या मधोमध टेकवून बॅट सरळ समोर धरायची, दुसरा हात लांब केला की बोटं बॅरलच्या, म्हणजे बॅटच्या जाड भागाच्या, टोकाला पुरायला पाहिजेत. ही काही प्रयोगशाळेतली मोजणी नाही, पण चूक पकडायला पुरते. त्यानंतर स्विंग बघा, बॅट फिरवताना टोक खाली पडत असेल किंवा फिरवून झाल्यावर मुलगा तोल जाऊन पुढे येत असेल तर एक नंबर खाली या, लाज कसली त्यात.

नियमांचं मात्र आधी विचारून घ्या कारण अमेरिकेत बॅटवरचा मान्यतेचा शिक्का प्रत्येक लीगचा वेगळा. लिटल लीग, बेब रूथ अशा लीगमध्ये १ जानेवारी २०१८ पासून यूएसए बेसबॉलचा शिक्का लागतो, त्या मानकाचा उद्देशच हा की मुलांच्या बॅटची कामगिरी लाकडाच्या जवळपास राहावी. यूट्रिपलएसए या दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धांमध्ये त्यांचा १.१५ बीपीएफचा (हा बॅटच्या उसळीचा आकडा) शिक्का चालतो, त्या बॅटा जास्त उसळत्या असतात. हायस्कूलला गेलं की बीबीकोर नावाचं उसळीचं मानक, तिथे ड्रॉप जास्तीत जास्त ३. चुकीच्या शिक्क्याची बॅट घेतली तर अंपायर ती मैदानावर येऊच देत नाही आणि पोरगं हिरमुसतं ते वेगळंच. टी-बॉलची (म्हणजे बॉल खुंटीवर ठेवून मारायच्या लहानग्यांच्या खेळाची) बॅट असेल, २६ इंचांपर्यंतची, तर ती फक्त टी-बॉलच्या मऊ बॉलसाठी असते, तिने कडक बॉल मारायचे नाहीत.

ही उसळी येते कुठून ते बघण्यासारखं आहे. बॅट आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात ते फक्त एक हजारांश सेकंदाच्या आत. तेवढ्यात बॉल चेपतो आणि परत फुगतो, आणि त्यात बरीच ऊर्जा बॉलच्या आतल्या लोकरीच्या दोऱ्यांमध्ये घासाघाशीत उष्णता होऊन जाते. कडक भिंतीवर जोरात आदळलेला बेसबॉल जवळपास निम्म्याच वेगाने परत येतो, म्हणजे ऊर्जेचा पाव हिस्साच हातात राहतो. लाकडी बॅट भरीव, ती आत दबत नाही, सगळं चेपणं बॉलच्या वाट्याला. पोकळ अ‍ॅल्युमिनियमची किंवा कार्बन फायबरची बॅट घेतली तर बॅरलची भिंत किंचित आत दबते आणि परत बाहेर येते, म्हणून बॉल कमी चेपतो आणि ऊर्जा कमी वाया जाते, कारण बॅरल जवळपास सगळं परत करतं आणि बॉल करत नाही. याला ट्रॅम्पोलिन इफेक्ट म्हणतात. धातूच्या बॅटचा तो टणकन आवाज येतो ना, तो याच गोल भिंतीच्या थरथरण्याचा.

आता हातात कळ येते ती का. फटका लागला की सगळी बॅट वाकून थरथरते, पण बॅरलवर एक जागा अशी असते की तिथे बॉल बसला तर ही थरथर जवळजवळ सुरूच होत नाही. टोकापासून साधारण ५ ते ७ इंच आत. घरी करून बघा, मजा येते मुलांना, नॉबच्या खाली अंगठा आणि एका बोटाच्या चिमटीत बॅट सैल लटकवून धरायची आणि बेसबॉलने बॅरलवर टोकापासून वरवर एकेक इंच हलके टोले द्यायचे. टोकाला मारलं की बोटांना झिणझिण्या, वर सरकत गेलं की कमी कमी होत एका जागी अगदी थांबतात, आणखी वर गेलं की परत सुरू. ती थांबलेली जागा म्हणजे स्वीट स्पॉट, तिथे पेन्सिलीने खूण करून मुलाला दाखवा, पुस्तकातून समजण्यापेक्षा हे जास्त पक्कं बसतं डोक्यात. दोन तुकडे जोडून केलेल्या बॅटा येतात, त्यात हँडल आणि बॅरलच्या सांध्यावर ही थरथर थोडी मुरते, म्हणून कळ कमी येते. ज्या मुलाला हाताला लागेल ही भीती बसलीय त्याच्यासाठी अशी बॅट खरंच उपयोगी आहे.

मटेरियलवर माझं मत सरळ आहे, पहिली बॅट एकसंध अ‍ॅल्युमिनियम अलॉयची घ्या. पहिल्या दिवसापासून तशीच चालते, खराब झाली तरी सहसा पोचे पडून सांगते. कॉम्पोझिट बॅट, म्हणजे कार्बन फायबर आणि राळेची, हिचं बॅरल आधी घट्ट असतं आणि मारून मारून मोकळं होतं, राळेत बारीक भेगा पडतात, फायबरचे थर सैल होतात, भिंत जास्त दबते, उसळी वाढते. म्हणून बऱ्याच कॉम्पोझिट बॅटा आधी शे-दोनशे हलके फटके मारून, प्रत्येक फटक्याला बॅट थोडी फिरवून, रुळवाव्या लागतात. काही लोक हे काम रोलर मशीनमध्ये दाबून झटपट करतात, ते नियमात बसत नाही आणि त्याने बॅटचं आयुष्यही संपतं. वापरून बॅट मर्यादेपेक्षा जास्त उसळते हाच प्रश्न होता म्हणून लिटल लीगने २०१० च्या अखेरीस कॉम्पोझिट बॅटांवर मनाई आणली होती, तपासून मान्यता मिळेल तीच वापरायची.

लाकडाची घेतली तर तिचे रेषे बघा. मेपल आणि बर्चच्या बॅटच्या हँडलवर शाईचा एक ठिपका असतो, शाई रेषेच्या दिशेने थोडी पसरते आणि त्यावरून रेषे बॅटच्या अक्षाशी किती तिरके आहेत ते दिसतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, मेपलच्या बॅटा फुटून तुकडे उडायला लागले तेव्हा चौकशी झाली आणि तिरकेपणाची मर्यादा ३ अंशांची ठरली. अ‍ॅशच्या बॅटने मारताना लेबल वर आकाशाकडे किंवा खाली ठेवायचं, म्हणजे बॉल रेषांच्या कडेवर बसतो, नाहीतर थर सुटायला लागतात.

सांभाळण्यात निम्मं काम तापमानाचं आहे. थंडीत राळ ठिसूळ होते आणि बॉलही कडक होतो, दोन्ही बाजूंनी मार बॅटलाच. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली कॉम्पोझिट बाहेर काढू नका, त्या दिवसांसाठी जुनी अलॉय असेल तर ती वापरा. उलट उन्हात बंद गाडीच्या डिकीत बॅट पडून राहिली तर गोंद आणि राळ सैल होते. लाकूड ओलावा पितं, जड होतं, म्हणून भिजली की पुसून कोरड्या जागी ठेवायची. बॅटिंग केजमधले, म्हणजे सरावाच्या जाळीतले, खळग्याखळग्यांचे पिवळे रबरी बॉल खऱ्या बॉलसारखे चेपत नाहीत, बॅट कंपन्या स्वतःच त्यांच्यावर नवी बॅट वापरू नका म्हणतात. आणि बुटाची माती झाडायला बॅट आपटायची सवय मुलांना लागूच देऊ नका, कॉम्पोझिटचा तडा बऱ्याचदा अशाच एका ठिकाणच्या फटक्यातून सुरू होतो.

ग्रिप गुळगुळीत झाली की बदला, वाट बघू नका. ग्रिप निसटायला लागली की मूल हँडल आवळून धरतं, मनगट आखडतं आणि बॅटचा वेग तिथेच कमी होतो. लहान हाताला पातळ ग्रिप, १ मिलिमीटरच्या आसपासची, हात दुखत असेल तर जाड. लिटल लीगमध्ये ग्रिप किंवा टेप नॉबपासून १६ इंचांच्या पुढे नेता येत नाही.

दर आठवड्याला दोन मिनिटं काढून बॅट तपासा. बॅरलवरून नख फिरवा, रंगातली रेघ आणि खरा तडा यात फरक असा की तड्यात नख अडकतं. बॅट हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका, टोकाची टोपी म्हणजे एंड कॅप अंगठ्याने दाबून सैल आहे का बघा, आणि बॅरलवर बोटाने टकटक करत पूर्ण गोल फिरा, एका जागी आवाज बद्द आला तर आतला थर सुटलेला असू शकतो. अंपायरकडे एक कडं असतं, पोचे पडलेलं किंवा फुगलेलं बॅरल त्यातून जात नाही आणि बॅट बाद होते. पण कड्यातून गेली म्हणजे ती धड आहे असं नाही, नख अडकलं की ती बॅट प्रॅक्टिसमधूनही काढा, भावंडाला देऊ नका, कारण तुटलेलं बॅरल हँडल सोडून उडतं आणि समोर ४६ फुटांवर पिचर म्हणून कुणाचं तरी तेवढंच मूल उभं असतं.