कृष्णाकाठच्या पिकअपमध्ये डिझेल कुठून आलं

कराडच्या किंवा मिरजेच्या शोरूममध्ये जाऊन दीड टनाच्या वरची पिकअप पेट्रोलमध्ये मागून बघा. विक्रेता आधी तुमच्याकडे बघेल, मग चहा सांगेल, आणि शेवटी डिझेलच्या गाडीचंच कोटेशन हातात ठेवेल. जड मालाच्या पिकअपला पेट्रोल घ्यायचं की डिझेल, हा प्रश्न अमेरिकेतल्या शेतकऱ्याला खरोखर पडतो. साताऱ्या-सांगलीकडं तो बरीच वर्षं कुणाला पडलाच नाही. आता मात्र सीएनजीच्या निमित्तानं पेट्रोलच्या जातीचं इंजिन मालवाहू गाडीत शिरलंय आणि हप्त्याचा हिशेब मांडताना लोक दोन्हीकडं बघू लागलेत. ‘डिझेलच’ हे उत्तर इतकं पक्कं कसं झालं, हे समजायचं तर गाडीच्याही आधी विहिरीवर जावं लागतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलवला. तेव्हा आसपासचा भाग सातारा जिल्ह्यात मोडायचा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर झाले, चरक झाले, पंप झाले. तिकडं साताऱ्यात धनजीशा कूपर हेही नांगर आणि इंजिनांच्या धंद्यात होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, झाले ते हेच कूपर. त्यांचं मंत्रिमंडळ काही महिनेच टिकलं, त्यामुळे राजकारणात हे नाव मागं पडलं, पण इंजिनांच्या धंद्यात कूपर हे नाव साताऱ्यात आजही आहे. त्यांचा सातारा रोडचा कारखाना पुढं वालचंद समूहाकडं गेला. किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली.

कृष्णा, वारणा, कोयना, येरळा या नद्यांच्या काठी वीज पोचायच्या आधी पाणी उपसलं ते या ऑइल इंजिनांनी. एक सिलिंडर, जड फ्लायव्हील, आणि हँडल मारून चालू करायचं. त्यात जे घालायचं त्याला गावात ‘क्रूड’ म्हणत. हे इंजिन पावसात भिजलं तरी चालायचं. त्यात स्पार्क प्लग नाही, मॅग्नेटो नाही, म्हणजे बिघडायला विजेचं काही नाहीच. रॉकर, नोझल, पिस्टनच्या रिंगा या भाषेची ओळख इथल्या शेतकऱ्याला ट्रक घ्यायच्या आधीच झाली होती. कोयनेची वीज १९६० च्या दशकात आली, पण ती मळ्यात पोचायला आणि पोचल्यावर टिकायला आणखी बराच काळ गेला. तोवर ऑइल इंजिन उतरवून, बोअर करून, परत बसवणारे मिस्त्री तालुक्याच्या प्रत्येक गावात तयार झाले होते. माझ्या मते या भागात डिझेल मुरलं ते किमतीच्याही आधी या मिस्त्र्यांमुळं. जे इंजिन गावात दुरुस्त होतं तेच गाव विकत घेतं.

रस्त्यावर मात्र सुरुवात पेट्रोलची होती. स्वातंत्र्यापूर्वीच्या फोर्ड, शेवरोले, डॉज लॉऱ्या बहुतेक पेट्रोलवर चालत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या मागं कोळशाच्या भट्ट्या बसवून त्या गॅसवर गाड्या हाकाव्या लागल्या. घाटात अशा गाडीला उतारूंनी ढकलायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. १९५४ मध्ये टेल्कोनं मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवायला घेतले आणि चित्र पालटलं. त्याच दशकात मद्रासला सिम्पसननं पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवायला सुरुवात केली, बंगळुरात मायकोचा कारखाना उभा राहिला, आणि देशी डिझेल पंप-नोझल मिळू लागले. मायकोचं महत्त्व सहसा कुणी सांगत नाही. डिझेल इंजिनाचा जीव त्याच्या इंजेक्शन पंपात असतो. तो पंप देशात बनला नसता, तर ट्रकचं इंजिन कितीही दणकट असून उपयोग नव्हता.

पिकअपच्या वजनाच्या गाड्या यात मागं राहिल्या. महिंद्राची विलीज जीप पेट्रोल ‘हरिकेन’ इंजिनावर होती आणि ते इंजिन पेट्रोल अक्षरशः पीत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते परवडेना. मग जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याचा उद्योग गॅरेजांतून फोफावला. बसवणाऱ्याची कसब सगळी गिअरबॉक्सशी जुळवून घेण्यात आणि इंजिनाच्या थरथरीनं चॅसी तडकू न देण्यात. कंपनीही त्याच वाटेनं गेली. महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजोशी परवाना करार करून त्यांचं एक्सडीपी हे डिझेल इंजिन आणलं. बजाज टेम्पोची मेटाडोर तोवर दूध, भाजी आणि वऱ्हाड यांची ठरलेली गाडी झाली होती. मग १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ आली. ही २०६ आपल्याकडच्या आजच्या पिकअपची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. या सगळ्यांत पेट्रोलला जागाच उरली नाही.

आता ओढीचं. ऑगस्ट महिन्यात पाचगणीला किराणा चढवणारा असो की चिपळूणहून मासळी घेऊन कुंभार्ली चढणारा, ड्रायव्हर एकच गोष्ट विचारतो: दुसऱ्या गिअरमध्ये ओढते का? याचं उत्तर ज्या दोन इंजिनांच्या जन्मात आहे त्यांत वीसेक वर्षांचं अंतर आहे. निकोलाउस ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ चं. हवा आणि इंधन आधी मिसळायचं, दाबायचं आणि ठिणगीनं पेटवायचं. फार दाबलं तर मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटतं, म्हणून पेट्रोल इंजिनात दाबाचं प्रमाण साधारण दहाच्या आसपास ठेवावं लागतं. रुडॉल्फ डिझेलनं आउग्सबुर्गला १८९७ मध्ये जे इंजिन चालवून दाखवलं त्यात सिलिंडरमध्ये नुसती हवाच दाबली जाते, पंधरा ते वीस पट. ती इतकी तापते की वरून सोडलेलं इंधन आपोआप पेटतं. जास्त दाब म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम, आणि तेही कमी फेऱ्यांत. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन सुमारे २०० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच द्यायला लागतं. छोट्या मालवाहू गाड्यांतलं १.२ लिटरचं पेट्रोल इंजिन १०० च्या आसपास देतं, आणि तेही ३००० फेऱ्यांजवळ. आकारानं ही बरोबरी अन्यायाची आहे, हे खरं. पण फेऱ्यांचा फरक बघा. वळणावर गाडी थांबायला आली की ३००० फेऱ्या ठेवणार कशा? क्लच जाळूनच.

उतारावर मात्र पेट्रोलची बाजू थोडी उजवी आहे, हे फारसं बोललं जात नाही. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते, आत पोकळी होते आणि इंजिन गाडीला मागं ओढतं. साध्या डिझेलमध्ये ती झडपच नसल्यानं हा अडसर कमी पडतो. मोठ्या ट्रकांना म्हणूनच धूर अडवून इंजिनाला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक देतात. पिकअपवाल्यानं ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम यातून आला.

किमतीचा भाग लोकांना पाठ आहे, म्हणून त्यात फार रेंगाळत नाही. डिझेल हे शेती, एसटी आणि मालवाहतुकीचं इंधन, म्हणून सरकारनं ते दशकानुदशकं स्वस्त ठेवलं. पेट्रोल चैनीचं धरलं गेलं. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे झाले, डिझेलचे नाहीत, आणि दोघांतली दरी अचानक रुंदावली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेलं तेव्हा डिझेल ४१ च्या आसपास होतं. समजा एका गाडीनं डिझेलवर लिटरला १५ आणि तिच्याच तोलाच्या पेट्रोल गाडीनं १२ किलोमीटर दिले. किलोमीटरमागं डिझेलला पावणेतीन रुपये आणि पेट्रोलला सहा रुपये. लाखभर किलोमीटरला सव्वातीन लाखांहून जास्त फरक. कोण पेट्रोल घेईल? पण जानेवारी २०१३ पासून डिझेल महिन्याला पन्नास पैशांनी चढायला लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळं झालं, आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही काळ डिझेल पेट्रोलहून महाग विकलं गेलं. पुण्यात २०२५ मध्ये पेट्रोल १०४ रुपयांच्या आसपास आणि डिझेल ९०-९१ होतं. वरच्याच ॲव्हरेजनं हिशेब केला तर डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून कमी होता, तो २०२५ मध्ये सत्तर टक्क्यांवर आला. बचत आहे, पण पूर्वीसारखी डोळे मिटून नाही.

अमेरिकेत हा हिशेब असा अटीतटीचाच राहिला. तिथं गेली वीसेक वर्षं डिझेल सहसा पेट्रोलपेक्षा महाग आणि डिझेल इंजिनासाठी गाडीच्या किमतीवर हजारो डॉलर जास्त मोजावे लागतात. तरी १९८३ च्या फोर्डमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचं आणि १९८९ च्या डॉजमध्ये कमिन्सचं डिझेल आलं, आणि जड ट्रेलर ओढणाऱ्यांनी ते उचलून धरलं. २०२० मध्ये फोर्डनं जड पिकअपसाठी ७.३ लिटरचं नवं पेट्रोल इंजिन काढलं, कारण रोज ट्रेलर न ओढणाऱ्याला डिझेलची देखभाल नकोशी झाली होती. तिथले व्हिडिओ बघून इथं गाडी ठरवू नये, पण शेवटचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण आपल्याकडंही तेच घडलं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबद्दलचं बीएस-६ हे कडक मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणलं गेलं आणि गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर बसला, काही गाड्यांत युरियाचं द्रावणही आलं. लहान इंजिनावर हा सगळा खर्च चढवणं कंपन्यांना जमेना. मारुतीनं त्या तारखेपासून डिझेल गाड्या बनवणंच सोडलं. तिच्या सुपर कॅरीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिनही त्यात गेलं. २००५ मध्ये ७०२ सीसीचं डिझेल इंजिन घेऊन आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पुढं पेट्रोल आणि सीएनजीतही आला. सीएनजीचं इंजिन ठिणगीचंच, पेट्रोलच्या घराण्यातलं. गॅसवर त्याची ताकद थोडी उतरते, आणि टाक्यांचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं. शिवाय पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, ज्यातला काही आपल्याच साखर कारखान्यांतून जातो. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश उष्णता असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरतं. ऊस इथला आणि त्याचं इंधन इथल्या मालवाहू गाडीच्या टाकीत जवळपास नाही, असा हा उलटा प्रकार.

नव्या डिझेल इंजिनांनी मिस्त्र्यांची सत्ताही संपवली. कॉमन रेलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणानं इंधन सोडणाऱ्या इंजिनात पंप-नोझल हातानं जुळवायचा विषय उरला नाही, लॅपटॉप लागतो. फिल्टरमधली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, वेगात पळावी लागते. तासगावचा बेदाणा नाहीतर सांगलीची हळद घेऊन मुंबई गाठणाऱ्या पिकअपला हे आपोआप साधतं. तिला डिझेलशिवाय अजूनही पर्याय नाही, निदान भरलेल्या गाडीनं घाट चढायचा असेल तर नाहीच. अडचण होते ती पहाटे निघून दर अर्ध्या-एक किलोमीटरला थांबत, इंजिन चालू ठेवून कॅन भरणाऱ्या दुधाच्या गाडीची. तिचा धूर तापतच नाही, फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी लागते. वाटेत पंप असेल आणि चढ नसेल, तर या फेरीला सीएनजी जास्त सोयीचा पडतो, आणि पलूस-वाळव्याच्या सपाटीवर चढ नाहीच.