दृढ समजुती व हवामानबदलाविषयीचा संवाद

विरोधी पुरावा समोर आला तरी माणूस सहसा जी सोडत नाही, अशी मनात मुरलेली धारणा म्हणजे दृढ समजूत. हवामानबदलाच्या संदर्भात तिचा अभ्यास विशेष झाला, कारण शास्त्रज्ञांचे एकमत आणि लोकांमधील मतभेद यांत मोठी तफावत आहे. जॉन कुक व सहकाऱ्यांच्या २०१३ मधील पाहणीनुसार, तापमानवाढीच्या कारणांविषयी भूमिका घेणाऱ्या शोधनिबंधांपैकी सुमारे ९७ टक्क्यांनी मानवी कारण मान्य केले होते.

माहिती पुरवली की मत बदलेल, ही जुनी अपेक्षा. तिला १९७९ मध्येच तडा गेला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉर्ड, रॉस व लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही गटांना तेच दोन परस्परविरोधी अहवाल वाचायला दिले. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अहवाल भक्कम व दुसरा सदोष वाटला. झीवा कुंडा यांनी १९९० मध्ये याची मीमांसा केली : माणूस हव्या त्या निष्कर्षाकडे जातो, पण तर्काने गेल्याचा आभास टिकवून. डॅन कहान यांचा अमेरिकेतील २०१२ चा अभ्यास अधिक बोचरा आहे. विज्ञानाची व आकडेमोडीची जाण वाढली तशी हवामानबदलाची चिंता वाढली नाही. उलट वैचारिक गटांमधील दरी रुंदावली. हुशारी येथे आपल्या गटाच्या मताची वकिली करते. आपल्या माणसांपासून तुटण्याची किंमत व्यक्तीला लगेच मोजावी लागते, चुकीच्या मताची मात्र एकट्याला फारशी मोजावी लागत नाही. त्यामुळे हे वागणे वाटते तितके अविवेकी नाही.

कधी आक्षेप विज्ञानावर नसतोच, उपायावर असतो. कॅम्पबेल व के यांच्या २०१४ मधील प्रयोगांत उपाय सरकारी निर्बंधांऐवजी मुक्त बाजारपेठेचा सुचवला, तेव्हा सरकारी निर्बंध सहसा नकोसे वाटणाऱ्या, अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांनी तापमानवाढीचे विज्ञान अधिक प्रमाणात मान्य केले.

चूक दाखवली की समजूत उलट घट्ट होते, हे विधान २०१० मधील नायन व राइफ्लर यांच्या प्रयोगांनंतर सर्वतोमुखी झाले. वुड व पोर्टर यांनी दहा हजारांहून अधिक लोकांवर ५२ मुद्दे तपासले, तेव्हा असा उलटा परिणाम जवळपास आढळलाच नाही. तरीही संवादतज्ज्ञांच्या भाषणांतून तो हटत नाही, ही गंमतच.

अपप्रचार कानावर पडण्याआधीच त्याची युक्ती उघड करून सांगणे, ही ‘मानसिक लस’ विल्यम मॅग्वायर यांनी १९६० च्या दशकात मांडली. सँडर व्हॅन डर लिंडेन यांच्या २०१७ मधील प्रयोगात, अशी पूर्वसूचना मिळालेल्यांवर वैज्ञानिक एकमताच्या माहितीचा प्रभाव बऱ्याच अंशी टिकून राहिला.

मत आणि कृती यांतले अंतर वेगळेच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६३ देशांतील चाचणीत संवादाच्या ११ पद्धती पडताळल्या गेल्या. समजुतींवर व धोरणांच्या पाठिंब्यावर थोडा परिणाम दिसला. पण पडद्यावर कंटाळवाणे काम पूर्ण केल्यास खरीखुरी झाडे लावली जातील, असे सांगितल्यावर एकाही पद्धतीने लोकांचे श्रम वाढवले नाहीत, काहींनी तर ते घटवले.