आरशाची थाप

जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात एक आरसा असतो, त्याच्यामुळे थेट भिंगातून दिसणारं दृश्य बघता येतं. बटण दाबलं की हा आरसा खटकन वर उडतो. लग्नाच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. तोच कॅमेरा मायक्रोस्कोपच्या नळीवर बसवला असेल, तर त्या धक्क्याने फोटो हातचा गेलाच म्हणून समजा.

हिशोब करून पाहा. ४० पटींचं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) आणि २.५ पटींचा फोटो-आयपीस (कॅमेऱ्याकडचं भिंग) घेतला, तर फिल्मवर १०० पट मोठी प्रतिमा पडते. स्लाइड जेमतेम एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) हलली तरी कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी फिल्मवर ०.१ मिलिमीटर सरकते. दहापट मोठा प्रिंट काढला, की पेशीची भिंत एक मिलिमीटर पसरलेली!

गंमत म्हणजे ३५ एमएम कॅमेरा लोकप्रिय करणारा लायका जन्मला तोच मायक्रोस्कोपच्या कारखान्यात. जर्मनीत वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीत ऑस्कर बार्नाकने तो घडवला. १९२५मध्ये तो लोकांसमोर आला. त्यात आरसा नव्हता, पण भिंगातून काय दिसतंय तेही कळत नसे. म्हणून लाइट्झने प्रिझमचा जोड काढला. थोडा प्रकाश बाजूच्या छोट्या दुर्बिणीत, उरलेला फिल्मवर. १९३६मध्ये ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने किने एक्झाक्टा हा ३५ एमएमचा एसएलआर आणला. आता थेट भिंगातून बघता येऊ लागलं, पण सोबत आरशाची थापही आली. ओलिम्पसने १९७२च्या आपल्या छोट्या एसएलआरमध्ये या थापेला हवेची गादी दिली, शिवाय आरसा आधीच वर अडकवून ठेवायची सोय केली. या कामासाठी मला तोच जुना कॅमेरा सगळ्यांत शहाणा वाटतो.

आणि आरसा अडकवता येत नसेल तर? खोलीत अंधार करायचा. दिवा आणि मायक्रोस्कोप यांच्या मधे, कशालाही न टेकवता, काळा पुठ्ठा धरायचा. शटर ‘बी’वर (बटण दाबून ठेवू तोवर उघडं राहतं) उघडायचं, थरथर थांबेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुठ्ठा बाजूला करून सेकंद मोजायचे. पुठ्ठा परत आडवा, मगच शटर बंद. सेकंदभराहून जास्त वेळ लागला तर फिल्म आळसावते, मोजल्यापेक्षा जास्त प्रकाश मागते, आणि रंगीत असेल तर रंगही बदलतात. म्हणून एकाच पेशीचे २, ४ आणि ८ सेकंदांचे तीन फोटो काढायचे, आणि कोणता किती सेकंदांचा ते वहीत टिपून ठेवायचं.