नॅशनल कॅन्सर ग्रिड

नॅशनल कॅन्सर ग्रिड : भारतातील कर्करोग रुग्णालये, संशोधन संस्था, वैद्यकीय महाविद्यालये, स्वयंसेवी संस्था आणि रुग्णांचे गट यांचे देशव्यापी जाळे. स्थापना २०१२. अर्थसाहाय्य केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचे असून समन्वय मुंबईचे टाटा स्मारक केंद्र करते. उपचारांचा दर्जा देशभर सारखा राखणे, तज्ज्ञ मनुष्यबळ घडवणे आणि अनेक केंद्रांनी मिळून संशोधन करणे ही या जाळ्याची उद्दिष्टे आहेत. सदस्य संस्था तीनशेहून अधिक आहेत.

कर्करोगाचे काम अणुऊर्जा विभागाकडे कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. परळचे टाटा रुग्णालय १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाने उभारले. १९५७ मध्ये ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. किरणोपचार आणि अणुविज्ञान यांचे जवळचे नाते या हस्तांतरामागे होते. पुढे संशोधन संस्था जोडली जाऊन टाटा स्मारक केंद्र झाले आणि खारघरलाही त्याचा मोठा पसारा उभा राहिला.

जाळ्याची गरज परळच्या पदपथावर उभे राहिले की कळते. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहार-बंगालपर्यंतची माणसे पेशंटला ‘टाटाला’ आणतात. सोबत असते जाडजूड फाइल आणि गावच्या लॅबमधून मागून घेतलेले बायोप्सीचे ब्लॉक व काचपट्ट्या. गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा तो छोटा ठोकळा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणावा लागतो, कारण इथे तपासणी पुन्हा होते आणि निदान बदलले तर सगळा उपचारच बदलतो. किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, अनेकदा सहा आठवडे चालतात. रेल्वेने स्लीपर आणि थ्री टायर एसीत कर्करोगाच्या रुग्णाला भाडे माफ केले आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट आहे. पण बुडालेली मजुरी आणि मुंबईतले राहणे यांचा भार कुटुंबावरच पडतो. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा या माणसांना वर्षानुवर्षे आसरा देत आली आहे. बरा होण्यासारखा रुग्णही या ओढाताणीत उपचार अर्धवट टाकून गावी परततो. योग्य उपचार त्याच्या जिल्ह्याजवळ मिळाले, तर यातले बरेच टळेल. टाटा केंद्राचे तत्कालीन संचालक राजेंद्र बडवे आणि ग्रिडचे निमंत्रक सी. एस. प्रमेश यांच्या काळात या विचाराला संस्थेचे रूप आले.

उपचारांची चौकट. ग्रिडने प्रमुख कर्करोगांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्यांत उपचारांच्या तीन पायऱ्या आहेत : अत्यावश्यक, इष्टतम आणि ऐच्छिक. परदेशी सूचनावल्यांत महागडे औषध आणि साधी शस्त्रक्रिया एकाच ओळीत येतात. इथे कोणत्या रुग्णालयाला किमान काय देता आलेच पाहिजे, हे आधी ठरते. केवळ सूचना छापल्याने मात्र डॉक्टरांच्या सवयी बदलत नाहीत. पैसे देणारा त्या पाळू लागला की बदल घडतो. म्हणून आयुष्मान भारत ही सरकारी विमा योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाशी २०१९ मध्ये झालेला करार फार मोलाचा आहे. या योजनेतील कर्करोगाची पॅकेजेस आणि त्यांचे दर यांची फेरमांडणी ग्रिडच्या मदतीने झाली. विमा योजनेची रक्कम शास्त्राला धरून खर्च होण्याची वाट त्यातून मोकळी झाली. त्याच वर्षी ग्रिडने टाळाव्यात अशा दहा प्रथांची यादीही प्रसिद्ध केली. नको त्या तपासण्या आणि नको तो उपचार यांपासून रुग्णाला वाचवणे हीही सेवाच, ही त्यामागची भूमिका.

औषधांची एकत्र खरेदी. ग्रिडचे रुग्णाला सर्वांत थेट जाणवेल असे काम हेच. कर्करोगाच्या औषधाच्या वेष्टनावरची छापील किंमत आणि रुग्णालय ते ज्या भावाने घेते ती किंमत यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. छोट्या रुग्णालयाची मागणी थोडी, त्यामुळे कंपनीपुढे त्याचे काही चालत नाही. ग्रिडमधील २३ केंद्रांनी आपली मागणी एकत्र केली आणि ४० औषधांसाठी सर्वांच्या वतीने एकच वाटाघाट केली. औषधागणिक बचत २३ टक्क्यांपासून ९९ टक्क्यांपर्यंत झाली. एकूण आकडा सुमारे १,३२० कोटी रुपयांचा आहे. यासाठी ना नवा कायदा लागला ना नवे औषध. मोठ्या केंद्राने आपले वजन धाकट्यांच्या पारड्यात टाकले. माझ्या मते ग्रिडच्या सगळ्या कामांत हे सर्वांत अनुकरणीय आहे आणि राज्यांच्या योजनांनी ते केव्हाच उचलायला हवे होते.

संशोधन. आपल्या रुग्णांचे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात, हे परळच्या चाचण्यांनी दाखवले. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग आपल्याकडे अतोनात आहे. हा रोग ज्यांत पसरतो त्या मानेतील गाठी (लसीकाग्रंथी) सुरुवातीच्या टप्प्यातच काढाव्यात की त्या वाढल्यावर, हा वाद जगभर जुना होता. टाटामधील चाचणीत आधीच गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, तर थांबून काढलेल्यांपैकी ६७.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या शल्यचिकित्सकांनी त्याची दखल घेतली.

दुसरे उदाहरण खिशाशी जोडलेले आहे. रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे निव्होलुमॅब हे औषध पूर्ण मात्रेत घेणे इथल्या बहुतेक रुग्णांच्या ऐपतीबाहेरचे. टाटामधील डॉक्टरांनी डोके-मानेच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांना दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मात्रा कमी करून पाहण्यात औषध कंपनीला रस असण्याचे कारण नाही. असे प्रश्न सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनाच हाती घ्यावे लागतात. ग्रिड बहुकेंद्री चाचण्यांना निधी देते आणि तरुण डॉक्टरांना संशोधनपद्धती शिकवणारी ‘क्रेडो’ ही निवासी कार्यशाळा चालवते, त्यामागेही हेच आहे.

संशोधन आणि धोरण यांतील अंतर. पुरावा हाती आला की धोरण बदलतेच असे नाही. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठी चाचणी झाली. गावांच्या ५२ गटांतील १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, असे २००९ मध्ये समोर आले. २०१६ च्या राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमाने मात्र ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धत स्वीकारली. मुंबईच्या वस्त्यांतील दुसऱ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ती वारंवार केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते, म्हणजे निवड निराधार नव्हती. पण गावात एकदाच पोहोचता येणार असेल तर एचपीव्ही तपासणीच सरस. या चाचण्यांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. ती रास्त आहे. ज्या जिल्ह्याच्या स्त्रियांकडून ज्ञान मिळाले, त्याचा लाभ आधी त्या जिल्ह्याला मिळायला हवा.

रुग्णाच्या बाजूने. दूरच्या केंद्रातील डॉक्टर अवघड केस ग्रिडच्या ऑनलाइन ट्यूमर बोर्डापुढे मांडतात. शल्यचिकित्सक, केमोथेरपीचे आणि किरणोपचारांचे तज्ज्ञ एकत्र बसून सल्ला देतात आणि रुग्ण आपल्या गावीच राहतो. टाटा केंद्राने ‘केवट’ नावाने रुग्ण-मार्गदर्शक घडवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. कोणत्या खिडकीवर जायचे, कोणती योजना लागू होते, तपासणीचा कागद कुठे द्यायचा, उलट्या थांबत नसतील तर कुणाला गाठायचे, हे रुग्णाच्या भाषेत सांगणारा माणूस मोठ्या रुग्णालयात डॉक्टरइतकाच लागतो. जगण्याची प्रत मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावल्या मराठीतही उपलब्ध आहेत. त्यामुळे झोप, वेदना, घरकाम, पैशाची चणचण याबद्दल रुग्ण स्वतः काय म्हणतो, ते चाचणीच्या नोंदीत येऊ शकते.

मर्यादा. सदस्यत्व ऐच्छिक असल्याने सूचना पाळण्याची सक्ती ग्रिड करू शकत नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू होतात. बरेच जण रोग पसरल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. अशा रुग्णांना वेदनाशमन हवे असते. अंमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसाठीचे अनेक परवाने एकाच परवान्यावर आले, तरी तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिनची गोळी सहज मिळत नाही आणि ती लिहून देण्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टरही थोडे आहेत.