सरकारी रुग्णालयातला उपचार आणि मेडिक्लेम : पार्श्वभूमी

"ससूनला मेडिक्लेम चालत नाही" हा समज ससून या सरकारी रुग्णालयाबद्दल पुण्यात घट्ट बसला आहे. तो चुकीचा आहे आणि त्यापायी लोक हक्काचे पैसे सोडून देतात. विमा पॉलिसीतल्या रुग्णालयाच्या व्याख्येनुसार एक तर स्थानिक नोंदणी हवी, किंवा किमान निकष पूर्ण हवेत: दहा लाखांहून मोठ्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी. हे सगळे ससूनकडे आहे.

समजाचे मूळ १९८६ सालात आहे. चार सरकारी विमा कंपन्यांनी तेव्हा मेडिक्लेम आणली ती भरपाईच्या तत्त्वावर: जेवढे बिल, तेवढाच दावा. केसपेपर आणि खाटेचे शुल्क नाममात्र असेल, तर दावाही नाममात्र. पुढे टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्था) आले, कॅशलेस (विमा कंपनीने बिल थेट रुग्णालयाला देणे) आले. त्यासाठी रुग्णालयाशी करार आणि बिलिंगचा स्वतंत्र कक्ष लागतो. ही व्यवस्था खासगी रुग्णालयांभोवतीच वाढली.

२०१३ च्या नोव्हेंबरात राजीव गांधी जीवनदायी योजना (आताची महात्मा फुले योजना) पुणे जिल्ह्यातही लागू झाली. तिच्यात पैसे थेट रुग्णालयाला मिळतात. रुग्णाच्या हाती बिलच येत नाही, म्हणून त्या उपचाराचा मेडिक्लेमवर दावा उरत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाची रुग्णालये मोफत झाली, त्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आले. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे, वायसीएम (यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय) पिंपरी-चिंचवड महापालिकेचे, त्यामुळे ती या निर्णयाबाहेर राहिली.

खरा खर्च होतो बाहेरच्या खरेदीत. मांडीच्या हाडाची प्लेट, महागडी इंजेक्शने, बाहेर केलेला एमआरआय हे सगळे दाव्यात बसू शकते, पण कागद जुळले तरच. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही व तारीख हवी, मेडिकलच्या बिलावर रुग्णाचेच नाव हवे (घाईत आणणाऱ्या नातेवाइकाचे पडते आणि ते बिल अडकते), प्लेटचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले हवे.

काही पॉलिसींत रोजचा रोख भत्ता असतो. तो बिलावर नाही, दिवसांवर मिळतो, म्हणून मोफत उपचारातही मागता येतो. सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याने पॉलिसीत सर्वांत आधी हेच कलम शोधावे. डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची आणि सुटल्याची तारीख, वेळ आणि आयपीडी (दाखल रुग्णाचा) क्रमांक स्पष्ट हवा.

बरेच दावे रखडतात ते दाव्याच्या फॉर्मच्या 'ब' भागावर. तो रुग्णालयाने भरायचा असतो. खासगीत टीपीए डेस्क भरून देतो, इथे ते काम वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांवर येते. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच फॉर्म पुढे करावा. एकदा केसपेपर रेकॉर्ड विभागात गेला की साक्षांकित प्रतीसाठी अर्ज, शुल्क आणि हेलपाटे आले, आणि कागद जमा करण्याची पॉलिसीतली मुदत तोवर संपत आलेली असते.