रिलॅप्समधला ब्लड कॅन्सर तोच जुना असतो का?

परळला टाटा हॉस्पिटलबाहेर मांडीवर फाइल घेऊन बसलेल्या नातेवाईकांना एकच प्रश्न छळत असतो, केमो झाली, रिपोर्ट चांगला आला, मग परत आला कसा? तर रिलॅप्समध्ये, म्हणजे गेलेला कॅन्सर उलटतो तेव्हा, बऱ्याचदा जो परत येतो तो हुबेहूब आधीचा नसतोच.

ल्युकेमिया हा ब्लड कॅन्सरचा प्रकार सुरू होतो एका बिघडलेल्या पेशीपासून, पण तिची पिल्लावळ वाढते तशी त्यात नवीन म्युटेशन, म्हणजे जनुकांतले बदल, होत जातात आणि निदान होईपर्यंत अंगात लाख कोटीच्या घरात कॅन्सर पेशी असू शकतात, त्यांचे वेगवेगळे गट पडलेले असतात, त्यांनाच क्लोन म्हणतात. बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजात, जागा मोजकीच, म्हणून या क्लोनची आपसात चढाओढ चालते, जो भराभर वाढतो तो बाकीच्यांना दाबून टाकतो. पीटर नॉवेल या अमेरिकन कॅन्सर संशोधकांनी ही कल्पना १९७६ मध्येच मांडली होती.

औषध सुरू झालं की हा दादा क्लोन मरतो, पण कोपऱ्यात दबून बसलेल्या एखाद्याकडे त्या औषधाला चकवणारं म्युटेशन असेल तर त्याला रान मोकळं. सीएमएल या ल्युकेमियाच्या एका प्रकारात हे अगदी स्पष्ट दिसतं. त्यावरची इमॅटिनिबची गोळी २००१ मध्ये आली आणि लाखो लोक तिच्यावर जगतायत, पण टी३१५आय नावाचं म्युटेशन झालं की गोळी ज्या खाचेत बसते त्या खाचेचा आकारच बदलतो आणि गोळी बसत नाही, आणि असे क्लोन काही पेशंटमध्ये गोळी सुरू व्हायच्या आधीपासूनच थोडेफार असतात! त्यांच्यासाठी मग पोनॅटिनिबसारखं दुसरं औषध लागतं.

आयआयटी बॉम्बे आणि टाटाने मिळून बनवलेली कार-टी थेरपी, म्हणजे पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायचा उपचार, २०२३ मध्ये मंजूर झाली, मला तिचा मनापासून अभिमान आहे. ती कॅन्सर पेशीवरची सीडी१९ ही खूण बघून पेशी मारते. पण अशा थेरपीनंतरसुद्धा काहींमध्ये ती खूणच नसलेल्या पेशी उरतात आणि त्याच वाढतात.

म्हणून एमआरडी टेस्ट, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या कॅन्सर पेशी शोधणारी टेस्ट, महत्त्वाची. मायक्रोस्कोपखाली सगळं ठीक दिसलं तरी ही टेस्ट दहा हजारांत लपलेली एक पेशीसुद्धा पकडू शकते. आणि रिलॅप्स झाल्यावर डॉक्टर पुन्हा तपासणीसाठी बोन मॅरो काढायला सांगतात तेव्हा, कितीही दुखत असलं तरी, प्लीज टाळू नका, कारण आता अंगात कुठला क्लोन वरचढ आहे हे जुन्या रिपोर्टवरून कळत नाही आणि पुढचं औषध त्यावरच ठरतं.